गळती, करारनामा आणि पाच वर्षं



‘घर पाहावं बांधून’ असं आपल्याकडे म्हणतात. माझ्या वडिलांनी गावाकडे घर बांधलं, तेव्हा ते रोज संध्याकाळी नव्या भिंतींवर पाणी मारायला स्वतः जात. वीट कुठल्या भट्टीतली, वाळू कुठल्या नदीतली, गवंडी कुठल्या आळीतला, सगळं त्यांना ठाऊक होतं. पुढे घर गळलं तर चूक कुणाची, हेही ठाऊक होतं. एक तर गवंड्याची, नाहीतर त्यांची स्वतःची.

आपण शहरातली माणसं घर बांधत नाही. तयार घेतो. आयुष्यभराची कमाई आणि पुढच्या वीस वर्षांचा पगार त्यात घालतो, पण भिंतीच्या आत काय आहे ते आपण पाहिलेलं नसतं. आपल्याला दिसतो तो वरचा रंग. त्यामुळे भिंतीला ओल आली की पहिला प्रश्न असतो, ‘आता काय करायचं?’ आणि लगेच दुसरा, ‘हे कुणी भरून द्यायचं?’ या दुसऱ्या प्रश्नाविषयी आज मी बोलणार आहे.

मी वकील नाही, इंजिनिअरही नाही. बँकेतून निवृत्त झालो आणि आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी झालो. जे शिकलो ते या कामात, आणि बरंचसं चुकून शिकलो. त्या चुका तुमच्या वाट्याला येऊ नयेत, एवढीच इच्छा.

आमची इमारत पुण्याच्या एका उपनगरात आहे. डिसेंबर २०१८ मध्ये आम्हाला ताबा मिळाला. पेढे वाटले, वास्तुशांती झाली. जून २०१९ मध्ये पहिला पाऊस आला आणि पश्चिमेकडच्या सगळ्या फ्लॅटच्या भिंतींवर नकाशे उमटले. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरक्या भेगा, गिलाव्याला पोपडे, वरच्या मजल्यावर छताला बुरशी. आम्ही पाच-सहाजण बिल्डरच्या साइट ऑफिसात गेलो. तिथला सुपरवायझर मोठा गोड माणूस. म्हणाला, “काका, पहिला पाऊस आहे. नवी भिंत पाणी पिते. दिवाळीनंतर पोरं पाठवतो, सगळं नीट करून देतो.”

दिवाळीनंतर पोरं आली. भेगांत पुट्टी भरली, वर रंग मारला. आम्ही त्यांना चहा पाजला. पुढच्या वर्षी करोना आला, कुणी कुणाकडे गेलं नाही. २०२१ मध्ये त्याच जागी तीच ओल. पुन्हा ऑफिस, पुन्हा “दिवाळीनंतर”. २०२२ मध्ये साइट ऑफिसच बंद झालं आणि तो गोड सुपरवायझर दुसऱ्या कंपनीत गेला. चार वर्षांत आम्ही किती खेपा घातल्या याचा हिशेब नाही. आणि एकाही खेपेचा कागद नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू.

महाराष्ट्रात फ्लॅटच्या खरेदीविक्रीवर १९६३ पासून एक कायदा आहे. त्याला सगळे ‘मोफा’ म्हणतात. त्याच्या सातव्या कलमात असं म्हटलंय की ताबा दिल्यापासून तीन वर्षांच्या आत बांधकामातला किंवा साहित्यातला दोष बिल्डरच्या नजरेस आणून दिला, तर शक्य असेल तिथे त्याने तो स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायचा, शक्य नसेल तिथे वाजवी भरपाई द्यायची. पुढे २०१६ मध्ये केंद्राचा रेरा कायदा आला आणि १ मे २०१७ पासून तो पूर्णपणे लागू झाला. त्याच्या चौदाव्या कलमाने ही मुदत पाच वर्षांची केली. त्याचे शब्द फार महत्त्वाचे आहेत. इमारतीच्या सांगाड्यातला दोष, किंवा कारागिरीतला, दर्जातला, सेवासुविधांतला दोष, किंवा करारातली कोणतीही जबाबदारी पुरी न होणं, यांपैकी काहीही ताब्यापासून पाच वर्षांच्या आत बिल्डरला कळवलं, तर त्याने तीस दिवसांत ते फुकट दुरुस्त करून द्यायचं. नाही केलं तर भरपाई मागण्याचा आपला हक्क.

इथे दोन गोष्टी नीट ऐका. एक म्हणजे, दोष फक्त कॉलम-बीमचाच असला पाहिजे असं नाही. पुष्कळ बिल्डर सांगतात की ‘स्ट्रक्चरल डिफेक्ट’ असेल तरच आमची जबाबदारी. तसं नाही. कारागिरी आणि दर्जा हे शब्द कायद्यात स्पष्ट आहेत. गच्चीचा ब्रिकबॅट कोबा नीट घातला नाही, कठड्याच्या आणि स्लॅबच्या सांध्यात वाटा काढला नाही, काँक्रीट आणि विटांच्या सांध्यावर गिलाव्याखाली जाळी मारली नाही, हे सगळे कारागिरीचे दोष आहेत. आणि बहुतेक ओल येते ती याच जागांतून.

दुसरी गोष्ट, पाच वर्षांत दोष ‘कळवायचा’ आहे. नुसता सोसायचा नाही. आमची पाच वर्षं डिसेंबर २०२३ मध्ये भरणार होती आणि आम्ही चार वर्षं नुसती सोसली होती.

हे मला कळलं तेही योगायोगाने. आमच्याकडे तिसऱ्या मजल्यावर एक आजोबा राहतात. पोस्टातून निवृत्त झालेले. सगळे त्यांना नाना म्हणतात. २०२३ च्या जुलैमध्ये मी त्यांच्याकडे सभेची नोटीस द्यायला गेलो, तर त्यांनी कपाटातून एक फाइल काढली. २०१९ पासून दर पावसाळ्यात त्यांनी बिल्डरला एकेक पत्र लिहिलं होतं. एक प्रत तिकडे, दुसऱ्या प्रतीवर तिथल्या मुलीची सही, शिक्का आणि तारीख. सोबत भिंतीचे फोटो, प्रत्येकाच्या मागे तारीख. मी म्हटलं, “नाना, तुम्ही आम्हाला कधी बोलला नाहीत!” ते म्हणाले, “अहो, तुम्ही सगळे त्या सुपरवायझरशी इतके छान बोलत होतात. मी चाळीस वर्षं पोस्टात काढली. ज्याची पोच नाही ते पोचलं नाही, एवढंच मला येतं.”

त्या रात्री मला झोप लागली नाही. बँकेत असताना एक रुपयाची पावती नसेल तर मी व्हाउचर परत करत असे. आणि स्वतःच्या घराच्या बाबतीत चार वर्षं तोंडी वायद्यांवर बसून राहिलो होतो.

ऑगस्टमध्ये खास सभा घेतली. ठराव केला. प्रत्येक फ्लॅटमधली तक्रार एका छापील तक्त्यात लिहून घेतली: कुठली भिंत, कधीपासून, फोटो. गच्ची, लिफ्टचा खड्डा, पार्किंगचं छत, बाहेरच्या भिंती यांची वेगळी यादी केली. एका स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून पाहणी करून घेतली. आणि बिल्डरच्या नोंदणीकृत पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने आणि ईमेलने नोटीस पाठवली. पाच वर्षं भरायला चार महिने बाकी होते.

तीस दिवसांनी वकिलामार्फत उत्तर आलं. ते उत्तर मला फार शिकवून गेलं, म्हणून त्याविषयी जरा सविस्तर सांगतो. कारण आपण आपली बाजू पक्की धरून चालतो, समोरचा काय म्हणेल याचा विचार करत नाही.

पहिला बचाव मुदतीचा. ‘आपल्या तक्रारी आता, पाच वर्षं संपता संपता केल्या आहेत. पूर्वी तक्रार नव्हती, म्हणजे दोष नव्हता.’ मुदतीत कळवलं एवढं आमच्या बाजूने होतं. पण पहिल्या पावसापासून ओल आहे हे सिद्ध करायला आमच्यापैकी बहुतेकांकडे काही नव्हतं. नानांच्या भिंतीबद्दल मात्र त्या उत्तरात एक अक्षर नव्हतं.

दुसरा बचाव ताब्याच्या वेळच्या कागदाचा. किल्ली घेताना आपण एका पत्रावर सही करतो, ‘काम पाहिले, समाधानकारक आहे, कोणतीही तक्रार नाही’. ती सही आमच्याविरुद्ध काढली. पण विचार करा, डिसेंबरात ताबा घेणाऱ्याला जूनची ओल कशी दिसणार? कायद्याने पाच वर्षं दिली आहेत ती याचसाठी. नुसत्या त्या कागदाने हा हक्क जात नाही. तरीही त्या पत्रावर डोळे मिटून सही करू नका. जे दिसतंय ते तिथेच हाताने लिहा, ‘हॉलच्या खिडकीखाली भेग आहे’, आणि मग सही करा.

तिसरा बचाव भेगांच्या प्रकाराचा. तापमानातल्या फरकामुळे गिलाव्याला केसासारख्या बारीक भेगा पडतात, तो दोष धरायचा नाही, असं पुष्कळ करारनाम्यांत लिहिलेलं असतं. हे सगळंच खोटं नाही. गिलावा वाळताना आकसतो, उन्हाने तापतो, त्याला बारीक रेघा येतात. पण खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली तिरकी भेग, किंवा कॉलम आणि भिंत यांच्या सांध्यावरची सरळ उभी भेग, जिच्यातून पाणी आत येतं, ती केसासारखी नाही. हा फरक तुम्ही-आम्ही भांडून ठरत नाही. तो तज्ज्ञाच्या अहवालाने ठरतो.

चौथा बचाव देखभालीचा. ‘गच्चीवरची पन्हाळी तुंबलेली होती. लिफ्टचा देखभाल करार सोसायटीने चालू ठेवला नाही.’ लिफ्टचा करार आमच्याकडे होता, पावत्याही होत्या, तो मुद्दा तिथेच मिटला. गच्चीच्या बाबतीत मात्र ते बरोबर होतं. गच्चीवर आमच्याच एका सभासदाने कुंड्यांची बाग केली होती आणि पाण्याच्या वाटा पाल्याने बुजल्या होत्या. नैसर्गिक झीज आणि आपला हलगर्जीपणा हा बिल्डरचा दोष नव्हे, हे मान्यच करायला हवं.

आणि पाचवा बचाव. ‘सदनिकाधारकांनी आमच्या लेखी परवानगीशिवाय स्वयंपाकघर, न्हाणीघर, संडास यांत बदल केले आहेत. त्यामुळे गळती झाली असल्यास ती आमची जबाबदारी नाही.’ सोबत फ्लॅटचे क्रमांक दिले होते. त्यात माझ्या फ्लॅटचा क्रमांक होता.

श्रोतेहो, २०२० मध्ये, टाळेबंदी उठल्यावर, आम्ही आमचं न्हाणीघर नव्याने केलं होतं. जुन्या फरश्या निसरड्या होत्या, सौभाग्यवतींना गुडघ्यांचा त्रास, म्हणून फरशी बदलली, नळ हलवले. कंत्राटदार ओळखीचा होता. वॉटरप्रूफिंगचं विचारायचंही मला सुचलं नाही. आणि आमच्या खालच्या फ्लॅटमध्ये ज्या वहिनी एकट्या राहतात, त्यांच्या न्हाणीघराच्या छतातून दोन वर्षं पाणी ठिबकत होतं. त्या मला दर महिन्याला सांगत, “भाऊजी, तेवढं बघा ना,” आणि मी त्यांना सांगत असे, “वहिनी, बिल्डरचं काम, नोटीस पाठवतोय.” त्यांची तक्रार मीच, माझ्या हाताने, बिल्डरविरुद्धच्या यादीत लिहिली होती.

उत्तर आल्यावर आमचे इंजिनिअर म्हणाले, “खात्री करून घेऊ.” त्यांनी आमच्या न्हाणीघरात रंगाचं पाणी साठवलं. नहाणी ट्रॅपभोवती ते तुंबवून ठेवलं आणि आम्ही खाली जाऊन बसलो. संध्याकाळपर्यंत वहिनींच्या छतावर लालसर डाग उमटला. वहिनी काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त खालची बादली सरकवली. मला त्या क्षणी जे वाटलं ते कुठल्याही कायद्याच्या पुस्तकात नाही.

सोसायटीच्या आदर्श उपविधींत हे स्पष्ट लिहिलेलं आहे. पावसाचं पाणी, बाहेरच्या सामायिक नळांची आणि सांडपाण्याच्या पाइपांची गळती, गच्चीतून वरच्या मजल्यावर येणारी ओल, यांची दुरुस्ती सोसायटीने करायची. संडास, मोरी, सिंक यांच्यातून होणाऱ्या आतल्या गळतीचा खर्च संबंधित सदनिकाधारकाने सोसायचा. मी ते उपविधी सभेत दहा वेळा वाचून दाखवले होते. आपल्या घराला ते लागू होतात हे मात्र रंगाच्या पाण्याने दाखवावं लागलं.

दुसऱ्या दिवशी मी ती तक्रार यादीतून काढली. इंजिनिअरना म्हटलं, प्रत्येक तक्रार अशीच तपासा. जे आपलं आहे ते आपलं म्हणून बाजूला ठेवा. काही सभासद माझ्यावर रागावले. “कशाला आपणहून देताय त्यांच्या हातात?” असं विचारत होते. पण झालं उलट. यादी लहान झाली आणि तिचं वजन वाढलं. बाहेरच्या भिंतींच्या सांध्यांवर जाळी नव्हती, हे इंजिनिअरने बिल्डरच्या माणसांसमोर गिलावा फोडून दाखवलं. गच्चीच्या कठड्याखाली वाटा नव्हता, तेही दाखवलं. कुंड्यांमुळे पाणी तुंबलं हे आम्ही आधीच मान्य केलं होतं, त्यामुळे या दोन गोष्टी त्यांना नाकारता आल्या नाहीत.

तरीही काम आपोआप झालं नाही. आम्ही महारेराच्या सलोखा मंचाकडे गेलो. ग्राहक संघटना आणि बांधकाम व्यावसायिकांच्या संघटना यांच्या प्रतिनिधींसमोर दोन्ही बाजूंनी बसून तोडगा काढायची ही सोय २०१८ पासून आहे. तिथे दोघांची तयारी असावी लागते. आमच्या बिल्डरची तयारी होती, कारण त्यांच्या दुसऱ्या प्रकल्पाची विक्री चालू होती. २०२४ च्या उन्हाळ्यात परात बांधून पश्चिमेची भिंत पुन्हा गिलावा करून दिली, गच्चीचं काम करून दिलं. लिफ्टच्या खड्ड्यातलं पाणी त्यांनी मान्य केलं नाही. ते काम आम्ही वर्गणी काढून केलं. त्या जुलैमध्ये पुण्यात केवढा पाऊस झाला ते तुम्हाला आठवत असेल. आमची पश्चिमेची भिंत कोरडी राहिली.

सलोख्याने जमलं नसतं तर? तर महारेराकडे तक्रार करता येते. ती एकेकट्याला करता येते, तशी सदनिकाधारकांच्या संघटनेलाही करता येते. भरपाईची रक्कम ठरवायला तिथे वेगळा अधिकारी असतो. निकाल बिल्डरविरुद्ध गेला आणि त्याला अपील करायचं असेल, तर ग्राहकाला द्यायची संपूर्ण रक्कम आधी भरावी लागते. रक्कम दिली नाही तर ती जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते. अर्थात हुकूम हातात येणं वेगळं आणि पैसे हातात येणं वेगळं, हे बँकेतल्या माणसाला सांगायला नको.

दुसरा रस्ता ग्राहक आयोगाचा. घरबांधणी ही ‘सेवा’ आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्येच लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात सांगितलं. रेरा आल्यामुळे ग्राहक आयोगाचं दार बंद झालेलं नाही, हेही त्याच न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. तुम्ही घरासाठी दिलेली किंमत पन्नास लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यापुढे दोन कोटींपर्यंत राज्य आयोग, त्याहून जास्त असेल तर राष्ट्रीय आयोग. पण इथे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. ‘बोलणी चालू होती’ म्हणून ती मुदत थांबत नाही. साइट ऑफिसातल्या चहाचा हिशेब आयोग धरत नाही.

मुदतीचा एक वेगळा प्रकारही सांगतो. मुंबईतल्या समृद्धी सहकारी गृहनिर्माण संस्थेला बिल्डरने भोगवटा प्रमाणपत्र मिळवून दिलं नव्हतं. त्यामुळे संस्थेला पाणीपट्टी आणि कर वर्षानुवर्षं जादा दराने भरावे लागले. संस्थेची तक्रार मुदतीबाहेर ठरवली गेली होती. जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रमाणपत्र न देणं ही रोज चालू असलेली चूक आहे, म्हणून तक्रार मुदतीत आहे. हा निकाल मोठा दिलासा देणारा आहे. पण भिंतीच्या ओलीलाही तो आपोआप लागू पडेल, अशा भरवशावर बसू नका. बांधकामाच्या दोषासाठी कायद्याने पाच वर्षांचा आकडा दिलेला आहे. तो आकडा दाराच्या मागे लिहून ठेवा.

आणखी एक बारकावा. महाराष्ट्रात सगळ्याच इमारतींची सहकारी सोसायटी नसते. काही ठिकाणी १९७० च्या कायद्याखाली अपार्टमेंट कॉन्डोमिनियम असतं. बंगळूरच्या शोभा हिबिस्कस या कॉन्डोमिनियमची तक्रार सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ग्राह्य धरली नाही. कायद्याने स्थापन झालेली अशी संघटना म्हणजे ‘स्वेच्छेने स्थापन झालेली ग्राहक संघटना’ नव्हे, असं न्यायालयाचं म्हणणं. म्हणून ग्राहक आयोगाकडे जाताना तक्रार कुणाच्या नावाने करायची, हे आधी वकिलाला विचारा.

काहीजण म्हणतात, ओलीचं एवढं काय घेऊन बसलात? रंग मारला की झालं. त्यांना मी एकच आठवण देतो. १० फेब्रुवारी २०२२ रोजी गुरुग्रामच्या सेक्टर १०९ मधल्या चिंटेल्स पॅराडायझो या संकुलात एका मनोऱ्याच्या स्लॅब एकावर एक कोसळल्या आणि दोन महिलांचा जीव गेला. नंतर आयआयटी दिल्लीच्या तपासणीत काँक्रीटमध्ये क्लोराइडचं प्रमाण जास्त आढळलं, त्यामुळे सळया गंजल्या होत्या, आणि तो मनोरा राहण्यास असुरक्षित ठरला. प्रत्येक ओलसर भिंत कोसळत नाही, उगाच घाबरू नका. पण पाणी आणि सळई यांची गाठ पडली की गंज चढतो, गंजलेली सळई फुगते, आणि काँक्रीटचे पापुद्रे सुटतात. ओल ही इमारतीची पहिली तक्रार असते. ती ऐकायला हवी. म्हणूनच आदर्श उपविधींनी पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीची दर पाच वर्षांनी आणि तीस वर्षांपुढच्या इमारतीची दर तीन वर्षांनी संरचनात्मक तपासणी करायला सांगितली आहे.

मग करायचं काय? मी माझ्यापुरते चार नियम केले आहेत. ताबा घेतलात की करारनाम्यातलं दोषदायित्वाचं कलम शोधून वाचा. ते कलम बिल्डरला मनाप्रमाणे बदलता येणार नाही, असं महारेराने ठरवून दिलेलं आहे. पहिल्या पावसाळ्यात प्रत्येक भिंतीचा तारखेसह फोटो काढा. तोंडी जरूर बोला, पण घरी आल्यावर तेच कागदावर लिहा, स्पीड पोस्टाने आणि ईमेलने पाठवा, पोच जपून ठेवा. आणि घरात फरशी किंवा नळ हलवण्याआधी लेखी परवानगी घ्या, वॉटरप्रूफिंग झाल्यावर दोन दिवस पाणी साठवून खालच्या घरात जाऊन बघा.

माझं न्हाणीघर मी पुन्हा उकरलं. या वेळी कंत्राटदाराच्या डोक्यावर उभा राहिलो, वडील भिंतींपाशी उभे राहायचे तसा. वहिनींचं छत आमच्या खर्चाने करून दिलं, रंगासकट. त्यांना मी त्याचं पत्रही दिलं, ‘गळती आमच्या न्हाणीघरामुळे झाली होती, दुरुस्त करून दिली आहे, पाच वर्षांत पुन्हा झाल्यास आम्ही जबाबदार राहू.’ खाली सही आणि तारीख. त्या हसल्या. म्हणाल्या, “भाऊजी, घरातल्या घरात कसला कागद?”

मी म्हटलं, “वहिनी, असू द्या. आणि दुसऱ्या प्रतीवर तेवढी पोच द्या.”